तोंडात पाणी, हातात शंख

मागच्या वर्षी गुढीपाडव्याला तीन आठवडे उरले असताना माझी लाळ गळायला लागली. वय वर्षं चोवीस, शिक्षण बी.एस्सी., दात सगळे जागच्या जागी.

पहिला थेंब पडला तो मानपाड्याच्या आमच्या कंपनीत. मी तिथल्या लॅबमध्ये रंगांचे नमुने तपासते. खाली वाकून रजिस्टरमध्ये लिहीत होते आणि टप्प! 'पिवळा, बॅच बारा' यातला बारा विरघळून गेला. मी छताकडे पाहिलं. एसी गळतोय असं शेजारच्या टेबलावरच्या मुलीलाही सांगितलं. तिने लगोलग बादली मागवली. बादली येईपर्यंत दुसरा थेंब पडला आणि या वेळी तो कुठून आला हे आम्हा दोघींनाही स्पष्ट दिसलं. ("राहू दे बादली," असं ती फार सभ्यपणे म्हणाली.)

एरवी मी हे हसण्यावारी नेलं असतं. पण पाडव्याला मला शंख वाजवायचा होता. डोंबिवलीत पाडव्याची शोभायात्रा म्हणजे काय हे डोंबिवलीकराला सांगावं लागत नाही आणि बाहेरच्याला सांगून पटत नाही. भल्या सकाळी अख्खं गाव नटूनथटून रस्त्यावर असतं. आमच्या ढोलपथकात आम्ही सात जण शंख वाजवतो. पालखी उचलायच्या आधी सगळे ढोल गप्प होतात आणि त्या शांततेत एकच जण पहिला शंख फुंकतो. एकटा. मगच पालखी हलते. आमच्या पथकात हा मान तोवर मुलांकडेच होता. मुलींनी मागून साथ द्यायची. चार वर्षं मी मागून साथ दिली. बाथरूमचं दार लावून सराव केला. (सोसायटीच्या सभेत 'पाइपलाइनमधून येणारा विचित्र आवाज' हा विषय दोनदा चर्चेला आला. बाबा दोन्ही वेळा कमिटीवर होते आणि दोन्ही वेळा प्लंबरला दोष देऊन मोकळे झाले.) आणि त्या वर्षी आमचे पथकप्रमुख शिरीषदादा एवढंच म्हणाले, "यंदा पहिला शंख तुझा." मी ग्राउंडवरून घरी येईपर्यंत रडले. मी रडणाऱ्यातली नाही, म्हणून मुद्दाम सांगतेय.

शंखाला ओठ घट्ट लागतात, दम पोटातून लागतो आणि मुख्य म्हणजे तोंड आपल्या ताब्यात लागतं. माझं तोंड ताब्यातून गेलेलं. त्या संध्याकाळी सरावाला मी फुंकर मारली तर आतून बेसिन तुंबल्यासारखा आवाज आला. पुन्हा मारली, पुन्हा बेसिन. शिरीषदादांनी माझ्या हातातून शंख घेतला आणि उलटा केला. तो बराच वेळ उलटा धरावा लागला.

"यात मासा जगेल गं," ते म्हणाले. मग जरा बाजूला घेऊन त्यांनी सांगितलं, की पाडव्याच्या आधीच्या रविवारी रंगीत तालीम आहे. तेव्हा नीट वाजला तर पहिला शंख माझा, नाही तर ओंकारचा. ओंकार मुलगा वाईट नाही. पण त्याच क्षणी त्याने खिशातून रुमाल काढून स्वतःचा शंख पुसायला घेतला, हे मी विसरलेले नाही.

घरी आले आणि चूक केली, म्हणजे खरं काय ते सांगितलं.

आईचं निदान तयारच होतं. जंत! आई शाळेत शिकवते आणि तिच्या मते मुलांना जे काही होतं ते जंतांमुळे होतं, गणितात नापास होण्यासकट. मी चोवीस वर्षांची आहे हे तिला मान्य होतं, पण जंतांना ते कसं कळणार? मला जंताची गोळी मिळाली, वावडिंगाचं पाणी मिळालं आणि दिवसभर चघळायला ओव्याची पुडी मिळाली. दुसऱ्या दिवशी लाळ वाढली. आईने ओवा वाढवला.

बाबांचा आईच्या निदानावर विश्वास नाही. निवृत्त झाल्यापासून त्यांचा विश्वास मोबाइलवर आहे. त्यांनी चष्मा लावून 'तरुण वयात जास्त लाळ सुटण्याची कारणं' शोधली आणि मोठ्याने वाचून दाखवली. किडलेले दात, हिरड्यांची सूज, टॉन्सिल, चोंदलेलं नाक, आम्लपित्त, काही औषधं, शिसं किंवा पारा पोटात जाणं, फिट्स येणं, आणि अगदी शेवटी रेबीज. शहाणा माणूस अशी यादी वरून वाचायला घेतो. बाबांनी खालून घेतली.

आमच्या बिल्डिंगखाली वाघ्या नावाचा कुत्रा आहे. त्याला दरवर्षी इंजेक्शन मिळतं, गळ्यात पट्टा आहे, आणि तो आमच्या कमिटीपेक्षा जास्त नियमितपणे गेटवर हजर असतो. तो माझा हात चाटतो हे बाबांना माहीत होतं. रेबीज झालेला माणूस पाण्याला घाबरतो हे त्यांना त्या दिवशी माहीत झालं. मग दर अर्ध्या तासाने ते माझ्यासमोर पाण्याचा ग्लास आणून धरायला लागले आणि मी पिईपर्यंत माझ्या तोंडाकडे टक लावून बघत उभे राहायचे. मला वाटलं, किती ही माया! आठव्या ग्लासाला मात्र मी म्हटलं, "बाबा, पुरे, नको," आणि हाताने ग्लास बाजूला सारला. बाबांचा चेहरा पांढराफटक पडला. ते स्वयंपाकघराकडे वळून कापऱ्या आवाजात म्हणाले, "अगं, तिला पाणी नको झालंय."

तेव्हा मला सगळा उलगडा झाला. मी त्यांच्यासमोर आणखी दोन ग्लास पाणी प्यायले, तेही घटाघट आणि डोळे वटारून. दहा ग्लास पाणी पोटात घेऊन मी सरावाला गेले तेव्हा शंख कसा वाजला हे लिहिण्यात अर्थ नाही.

मग बाबांनी ताईला फोन केला. ताई म्हणजे त्यांची थोरली बहीण, माझी आत्या. ती ठाण्याला कोपरीत राहते आणि तिच्याकडे कुठल्याही आजारावर आधी निष्कर्ष असतो, मग प्रश्न. दुसऱ्या दिवशी सकाळीच ती आली. मला बेडरूममध्ये नेलं, दार लावलं, बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून पंखा पाचवर केला आणि माझा हात हातात घेतला.

"बाळा, मला सांग. मी रागावणार नाही."

"काय सांगू?"

"किती दिवस झाले?"

"आठ."

"आठच?" आत्या विचारात पडली. "मग एवढ्यात कसं कळलं?"

"गळतंय की. त्याशिवाय का कळलं?"

आत्याने डोळे मिटले. सुहासच्या वेळी, म्हणजे माझा आतेभाऊ पोटात असताना, तिलाही अशीच लाळ सुटायची, महिनाभर हातात वाटी घेऊन फिरायची म्हणे ती. हे तिने सांगितलं आणि मग माझ्या पोटाकडे पाहिलं. तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली. मी शक्य तितक्या मोठ्या आवाजात, पंख्यावर मात करून सांगितलं, की तसलं काहीही नाही, शक्यही नाही आणि शक्य करायला मला सवडही नाही, मला रोज सात वाजता सराव असतो. आत्या म्हणाली, "बरं. तू नाही म्हणतेस तर नाही." हे तिने अशा आवाजात म्हटलं की माझा माझ्यावरचा विश्वास उडावा. जाताना मळमळू नये म्हणून आवळा सुपारीचं पाकीट माझ्या पर्समध्ये सारून गेली.

दोन दिवसांनी बदलापूरच्या काकूचा आईला फोन आला. तिने काहीच विचारलं नाही. फक्त "जे होईल त्याला धीराने सामोरं जायचं" एवढं म्हणून फोन ठेवला. आणि त्याच संध्याकाळी आमच्या दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी एक ताटली पाठवली. त्यात कैरीच्या फोडी होत्या, तिखटमीठ लावलेल्या. वर शब्द नाही, चिठ्ठी नाही. लग्न न झालेल्या मुलीला कुणी असं गुपचूप, समजून घेऊन कैरी पाठवतं तेव्हा त्याचा अर्थ काय, हे सांगायला चिठ्ठी लागतच नाही.

मला संताप आला. खरं सांगायचं तर संतापाच्या खाली लाजही वाटली, आणि लाज वाटली म्हणून आणखी संताप आला. मी केलं काय होतं? माझ्या तोंडातून माझीच लाळ गळत होती! आई हळूच म्हणाली, निदान बाहेर जाताना तोंडाला रुमाल लाव, लोक बघतात. मी म्हटलं, बघू देत. रुमाल नाही, मास्क नाही, काही नाही. मी ती ताटली उचलली, बाहेर गॅलरीत गेले आणि खालची बाकावरची मंडळी, समोरची बिल्डिंग आणि वाघ्या या सगळ्यांच्या साक्षीने एकेक करून सगळ्या फोडी खाल्ल्या. शेवटी ताटली चाटली. फार करारी वाटलं. पुढचा तासभर तोंडातून जे काही वाहत होतं त्याने तो करारीपणा जरा भिजला, ते सोडा.

तालमीला पाच दिवस राहिले तेव्हा मी स्वतःहून आमच्या नेहमीच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. एकटीच निघालेले. पण आई म्हणाली मी येते, बाबा म्हणाले मी यादी घेऊन येतो, आणि आत्या कोपरीहून थेट दवाखान्यातच येऊन बसली होती. चौघांत तीन खुर्च्या होत्या. आजारी मी, म्हणून मी उभी.

डॉक्टरीणबाईंनी दात बघितले, हिरड्या दाबल्या, घसा पाहिला, पोट चाचपलं. चालू असलेली औषधं विचारली. मग सगळ्यांसमोर सरळ विचारलं, "दिवस राहिल्याची काही शक्यता?" मी म्हटलं, "नाही." बाईंनी "बरं" म्हणून पुढे लिहिलंसुद्धा. एका शब्दात माझ्यावर विश्वास! मी आत्याकडे वळून पाहिलं. आत्या भिंतीवरचा लसीकरणाचा तक्ता वाचत होती.

मग बाई म्हणाल्या, "खाण्यात काय काय असतं?"

"तिच्या खाण्यात काही नाही हो डॉक्टर," आई म्हणाली. "बिचारी कामावरून उपाशी सरावाला जाते आणि घरी येऊन जेवते. मधे फक्त ओवा. आणि लवंग, ती मीच देते. सकाळी लिंबूपाणी."

"आवळा सुपारी," आत्या तक्त्याकडे बघतच म्हणाली.

"पाणी," बाबा म्हणाले. "पाणी भरपूर."

"कैरी," मी म्हटलं. लपवायचं कशाला?

बाईंनी पेन खाली ठेवलं. "ही सगळी मंडळी लाळ आणणारी आहेत. गेल्या दोन आठवड्यांत एक तास तरी हिचं तोंड रिकामं होतं का?"

माझ्या मनात आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. म्हणजे गुन्हेगार घरचेच! मी आता मोठ्या मनाने सगळ्यांना माफ करणार, तेवढ्यात बाई माझ्याकडे वळल्या.

"पण हे तर नंतर सुरू झालं. आधी लाळ कशाने सुटली? सरावाला जाताना तू खरंच उपाशी असतेस?"

आता शपथेवर सांगते, तोपर्यंत हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. कंपनीतून सुटल्यावर ग्राउंडच्या कोपऱ्यावर गाडी लागते. तिथे मी रोज दोन वडापाव खायचे. लसूण चटणी जास्त. वरून एक कटिंग. आणि तोंड पुसून पाचव्या मिनिटाला पोटातून दम काढून शंख फुंकायला उभी. दोन महिने, रोज. ("ते काही खाणं नाही," हे माझं त्यावरचं पहिलं वाक्य होतं.)

बाईंनी नीट समजावून सांगितलं. भरल्या पोटावर एवढा जोर लावला की पोटातलं आम्ल वर घशाशी येतं. ते धुऊन काढायला तोंड आपोआप लाळ सोडतं. शरीर आपलं काम चोख करत होतं; मीच त्याला दोन वडे आणि एक शंख देऊन कामाला लावलं होतं. आम्लाच्या गोळ्या घ्यायच्या, सरावाआधी तीन तास काही खायचं नाही, आणि तोंडात काही म्हणजे काही ठेवायचं नाही. फरक पडला नाही तर पुन्हा या, मग पुढच्या तपासण्या करू. मी विचारलं, शंख? त्या म्हणाल्या, "वाजव की. रिकाम्या पोटी वाजव."

बाहेर आल्यावर आई लाळेबद्दल चकार शब्द बोलली नाही. ती एवढंच म्हणाली, "दोन? रोज?"

पाच दिवस मी वडापावच्या गाडीसमोरून मान वळवून चालले. घरात ओव्याची पुडी कपाटात गेली, लवंगा मसाल्याच्या डब्यात परतल्या, बाबांनी ग्लास खाली ठेवला. रविवारी तालमीला मी रिकाम्या पोटी उभी राहिले आणि शंख लावला. भूऽऽऽ! स्वच्छ, कोरडा, लांब. शिरीषदादांनी शंख घेऊन उलटा केला. काही पडलं नाही. त्यांनी तो मला परत दिला आणि ओंकारला मागच्या रांगेत जायला सांगितलं.

पाडव्याला गुढी उभारल्यावर आमच्या घरात कडुनिंबाची चटणी खाल्ल्याशिवाय कुणी उंबरठा ओलांडत नाही. कडुनिंबाचा कोवळा पाला, गूळ, चिंच, ओवा, हिंग. म्हणजे माझ्या तोंडाला बंदी असलेलं जवळपास सगळंच, एका गोळीत. मी हात जोडले. आईने गोळी परत वाटीत ठेवली आणि ती म्हणाली, "ये वाजवून. मग खा." आई नियमाला अपवाद करते हे मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

चौकात मी नऊवारी, फेटा, दोन्ही हातांत शंख अशी पालखीपुढे उभी होते. माणसं दोन्ही बाजूंनी दाटलेली. शिरीषदादांनी हात वर केला, ढोल एकेक करून थांबले. आणि गर्दी अडवायला बांधलेली दोरी वाकवून आत्या आत आली. हातात स्टीलची डबी.

"अगं, वर्षाचा पहिला घास असा चुकवायचा नसतो," ती म्हणाली. मी "आत्या, नको" म्हणण्यासाठी तोंड उघडलं. तेच चुकलं. गोळी आत गेली! आत्या समाधानाने दोरीमागे, अगदी पहिल्या रांगेत, माझ्यासमोर जाऊन उभी राहिली.

कडू, आंबट, गोड आणि तिखट एकदम. मी ती गोळी तशीच गिळली, पण तोंडाला दोन आठवड्यांची सवय होती. दोन्ही गालांत पाणी भरलं. पाडव्याच्या दिवशी, नऊवारीत, पालखीसमोर थुंकणार कुठे? शिरीषदादांना माझे गाल दिसले. त्यांची नजर क्षणभर ओंकारकडे गेली. फक्त क्षणभर, पण मला दिसली.

मी मनात म्हटलं, नाही. चार वर्षं मागे उभी राहिलेय. रेबीज झालाय, दिवस गेलेत, जंत झालेत, सगळं ऐकून घेतलंय. लाळ असेल तर लाळेसकट वाजवीन. मी शंख लावला आणि पोटातून, पायातून, मिळेल तिथून दम काढून फुंकला.

आधी बेसिन बोललं. अर्धा सेकंद. मग त्या जोराने आतलं सगळं पाणी शंखाच्या तोंडातून फवाऱ्यासारखं बाहेर उडालं आणि मागोमाग असा आवाज निघाला की माझाच माझ्यावर विश्वास बसेना. मी दम संपेपर्यंत सोडला नाही. पालखी उचलली गेली, ढोल दणाणले, आणि मी डोळे उघडले तेव्हा समोर आत्या उभी होती. तिच्या कपाळावर, चष्म्यावर, गजऱ्यावर बारीक बारीक थेंब.

मी जागच्या जागी गोठले. आत्याने चष्मा काढला. थेंब बोटाने टिपले, दोन्ही डोळ्यांना लावले, उरलेले डोक्यावरून फिरवले आणि शेजारच्या बाईंच्या कपाळालाही लावून म्हणाली, "शंखातलं तीर्थ हो. आमची पोर आहे ती."

मला तेव्हाच खरं सांगता आलं असतं. मी दुसऱ्यांदा शंख फुंकला.

आत्याचं म्हणणं आहे की त्या दिवसापासून तिचा डावा गुडघा दुखायचा थांबला. यंदा उजव्यासाठी ती छोटी बाटली घेऊन येणार आहे. माझं तोंड आता गोळ्यांनी आणि पथ्याने कोरडं ठणठणीत आहे. त्यामुळे आत्यासाठी म्हणून, केवळ आत्यासाठी, मी यंदा शोभायात्रेला निघण्याआधी दोन वडापाव खाणार आहे. लसूण चटणी जास्त.